उकळत्या पाण्यातून वाचलेला अर्धा चमचा

मी यीस्ट बोलतोय. पुडक्याच्या उजव्या कोपऱ्यात उरलेला अर्धा चमचा.

मी जिवंत आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण माझ्याकडे बघून तसं कुणाला वाटत नाही. दिसायला मी तपकिरी रव्यासारखा.

कारखान्यातल्या एका भल्यामोठ्या टाकीत आम्ही वाढलो. खायला गोड आणि काम काही नाही, त्यामुळे बालपण चांगलं गेलं. मग आम्हाला वाळवलं, झोपवलं आणि पुडक्यात भरलं. करडा-कोकरांचं दूध सुटून चारा सुरू होतो, तेव्हा त्यांच्या पोटात जाऊन तिथल्या कारभाराला हातभार लावायचा, ही आमची नोकरी.

आम्ही आलो दोन बहिणींच्या गोठ्यात. धाकटी शेळ्या सांभाळते. थोरली निवृत्त नर्स. तीस वर्षं तिने कात्र्या आणि चिमटे उकळले. निवृत्तीनंतर उकळायला काही उरलं नाही, तेव्हा ती गोठ्याकडे वळली.

तिथे टाचणी नावाचं करडू होतं. आईचं दूध सुटल्यावर तिची भावंडं चाऱ्याला लागली. ही मात्र खुराक हुंगायची आणि मान फिरवायची. पोट पार खपाटीला गेलं होतं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "रोज सकाळी अर्धा चमचा यीस्ट खुराकात कालवा."

"पुडक्याला कुणाकुणाचे हात लागलेत कोण जाणे," थोरली म्हणाली. "उकळल्याशिवाय तिच्या तोंडात काही जायचं नाही."

पहिला अर्धा चमचा उकळत्या पाण्यात पडला. ते माझे शेजारी होते. घड्याळ लावून दहा मिनिटं. मग थोरलीने ते निवू दिलं, स्वच्छ फडक्याने झाकलं आणि खुराकावर ओतलं. इतक्या काळजीने कुणी कुणाला मारलेलं मी पाहिलं नव्हतं.

असे बारा दिवस गेले. रोज पुडकं उघडलं की आम्ही कोपऱ्यात सरकायचो. टाचणीचे पाय आता उभं राहतानाही लटपटायचे.

"ताई, औषध कसलं, नुसता भुसा आहे हा," धाकटी म्हणाली. "पोर हातची जाणार माझी."

दुसऱ्या दिवशी थोरलीने पंधरा मिनिटं उकळलं.

त्याच सकाळी डॉक्टर आले आणि पातेल्यातली वाफ बघून थबकले.

"हे काय शिजतंय?"

"यीस्ट. निर्जंतुक करतेय."

"अहो ताई, जंतूच आहेत ते! कामाचे. जिवंत पोटात गेले पाहिजेत."

थोरलीने गॅस बंद केला आणि ती स्टुलावर बसली. "म्हणजे तेरा दिवस मीच..." मला तिचा फार राग होता, तो तिथे जरा उतरला.

तेव्हापासून ती आम्हाला कोमट पाण्यात कालवते आणि पाण्याचा थेंब आधी मनगटावर टाकून बघते. आठवड्याने टाचणी दोन घास जास्त खाऊ लागली. परवा दुपारी ती भिंतीला टेकून बसली आणि तिचा जबडा हलायला लागला. समोर तर खायला काहीच नव्हतं.

"ताई, रवंथ करतेय गं!" धाकटी ओरडली.

थोरली धावत आली, ओल्या जमिनीवरच बसली आणि एक हात टाचणीच्या जबड्यावर ठेवून दुसऱ्याच्या बोटांवर, नाडी मोजावी तसं, ते चावणं मोजत राहिली. डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता.

आज माझी पाळी आहे. टाचणीच्या पोटातही मी फार दिवस टिकणार नाही, हे मला माहीत आहे. पण जाईन तो काम करून. तुमच्या गोठ्यात माझे भाऊबंद आले तर एवढंच करा, पाणी कोमट ठेवा.

पातेलं खाली उतरवल्याचा आवाज आला. थोरली मनगट पुढे करून म्हणतेय, "अजून गरम आहे. थांबू जरा."

मी थांबलोय.