फाटकातलं वळण

सयाजीनं लाकडावर करवत टेकवली तशी बयाबाईनं दुसरं टोक गुडघ्यानं दाबून धरलं. त्याचा डावा हात मांडीवर होता, कुणा दुसऱ्याचा तिथं ठेवून दिल्यासारखा. गेल्या पावसाळ्यात अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून त्यानं गावात पाऊल टाकलं नव्हतं. राधानगरी भागात ज्याच्या बैलगाड्या नाव घेऊन विकल्या जात, तो माणूस परड्यात बसून कोंबड्या हाकत होता. पाय चालत होते. डॉक्टर म्हणाले होते, फिरा. पण लोकांनी वाकडं झालेलं तोंड बघून चुकचुकावं, हे त्याला सोसणारं नव्हतं.

बयाबाई शाळेच्या मैदानावर कामाला जायची. शाळेनं नवं, बसून चालवायचं गवत कापायचं मशीन घेतलं होतं. गुंडू माळी त्यावर नवरदेवासारखा बसून फिरायचा आणि कापलेलं गवत बयाबाईच्या डोक्यावरून खतखड्ड्याकडं जायचं. मशीनमागं जोडायला एक लहानसा गाडा पायजे, असं गुंडू म्हणाला, तेव्हा तिनंच नवऱ्याचं नाव पुढं केलं.

"एका हातानं करायचं व्हय त्यांनी?"

"दुसरा माझा हाय की," ती म्हणाली.

गुंडूनं मशीनची मापं सुतळीला गाठी मारून पाठवली आणि परड्यात पुन्हा लाकडाचा भुसा पडू लागला. जुन्या लुनाची चाकं मिळाली, गावच्या वेल्डरनं आस करून दिला. वर गवत भरायला जांभळाच्या फळ्यांचा साटा बसला. आता गाडा मशीनला जोडणारी दांडी तेवढी राहिली होती, आणि ती लांब होत होती. बयाबाईला ते दिसत होतं. पुढं बैल उभे राहतील एवढी जागा सोडून सयाजीनं माप धरलं होतं. मैदानाच्या फाटकात मशीन कसं अंग चोरून वळतं, हे तिनं रोज पाहिलेलं. एवढ्या दांडीचा गाडा तिथं वळणं शक्यच नव्हतं.

"आवो..."

"काय गं?"

"काय न्हाय. पाणी देऊ?"

गाडा इथंच बिनचूक झाला, तर गाडा जाईल आणि नवरा इथंच राहील. चुकला, तर कुणीतरी ह्याला बोलवायला येईल. ती खोटं बोलली नव्हती, नुसती गप्प बसली होती. पण सोमवार होता, पोटात उपास होता, आणि अशा दिवशी मनात डाव धरावा का, हे तिला उमगेना. तिन्हीसांजेला दिव्यापुढं तिनं हात जोडले. ह्यांना घराबाहेर काढ, हे रोजचं मागणं त्या दिवशी तिच्या तोंडून निघालं नाही.

गाडा ओढून नेल्यावर चार दिवसांनी गुंडू परड्यात येऊन उभा राहिला.

"तात्या, सरळ लई झ्याक जातोय गाडा. पर फाटकात वळंना. चाक खांबाला घासतंय. दांडी लांब झालीया."

"घिऊन ये, कापून देतो."

"मशीनला लावून माप घ्याय लागंल की. आनि मशीन काय मला रस्त्यावर काढू देत न्हाईत."

सुपातले खडे वेचणारी बयाबाईची बोटं थांबली.

"करवतीची पिशवी कुठं ठिवलीस?" सयाजीनं विचारलं.

पिशवी तिच्या खांद्यावर, काठी त्याच्या हातात. पारावरून कुणीतरी ओरडलंच.

"काय तात्या, नव्या नवरीगत चालायलासा!"

सयाजी थांबला.

"मग उचलून न्हेतोस काय, भाड्या?"

पार हसला. तोंडाच्या चांगल्या बाजूनं सयाजीही हसला.

मैदानावर त्यानं गुंडूला गाड्यासकट मशीन फाटकातून काढायला लावलं. चाक खांबाला जाऊन अडलं. सयाजी बघत राहिला. त्याचं ते गप्प बघणं बयाबाईला सोसवेना.

"मला दिसत हुतं," ती हळूच म्हणाली. "दांडी लांब व्हतीया ते. मी बोलले न्हाय."

त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही.

"गुंड्या, गाडा सोडव. दांडी उलटी कर."

गुंडूनं गाडा सोडवून पालथा घातला. दांडीच्या खालच्या अंगाला गेरूची रेघ होती, सरळ, बारीक. पुसली जाऊ नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना पटाशीचे हलके टोले दिलेले.

"तात्या, ही रेघ कवाची?"

"कुठं कापायचं ते इचार. कवाची ते इचारून काय करतोस?"

बयाबाई रेघेकडं बघत राहिली. मग तिनं पदराचं टोक दातात धरलं आणि दुसरीकडं तोंड केलं.

माप न घेताच रेघेवर करवत चालली आणि तुकडा खाली पडला. जोड बसवून गुंडूनं मशीन चालू केलं. गाडा फाटकातून खांबाला न शिवता वळला आणि तसाच मैदानभर फिरला. गवत गोळा करणाऱ्या बायका कमरेवर हात ठेवून बघत उभ्या राहिल्या. कुणीतरी शीळही घातली.

बयाबाईनं मागं वळून पाहिलं तर सयाजी जागेवर नव्हता. शाळेच्या व्हरांड्यात मोडक्या बाकांचा ढीग लागला होता. तिथं काठी भिंतीला टेकवून तो एका बाकाचा पाय हलवून बघत होता.

"ही बाकं कोण मोडतंय रं?" त्यानं मैदानाकडं हाक टाकली.

"पोरं, तात्या! दुसरं कोण?" मशीनवरूनच गुंडू ओरडला.

सयाजीनं बाक आडवं केलं, सांध्याच्या खुंटीवर बोट फिरवलं आणि बयाबाईकडं न बघताच म्हणाला,

"उद्या डबा दोघांचा बांध."