मुंग्यांनी नापास केलेलं दूध

घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी बंद जिनिंगच्या शेडात अशी गर्दी, की ऐन कापसाच्या हंगामातही मी तिथं एवढी माणसं पाह्यली नव्हती. मी तिथंच कामाले होतो, म्हणून सांगतो. भाव पडला, जिनिंगले कुलूप लागलं. शेडात राह्यली सांडलेली सरकी अन् तिच्यावर माजलेल्या मुंग्या. अन् आता नागोराव महाराज.

महाराजांचा विषय एकच: दूध ओकणारी लेकरं. आईचं दूध आंबलं का, हे ते मुंग्यांकडून तपासून देत.

हसू नका. त्या रांगेत मीही होतो. संगं बायको वैष्णवी, तिच्या खांद्यावर आमची तीन महिन्यांची पोरगी, अन् मागून ढकलून राह्यलेली माझी माय, विमलताई.

पोरगी पाजली की ओकायची. घरात औषधांचं दुकान झालतं. शेजारणीनं दिलेलं पोटदुखीचं पाणी, मेडिकलवाल्यानं दिलेले गॅसचे थेंब, अन् माझंच जळजळीचं गुलाबी औषध. ते चमचाभर पाजावं का, असा विचार मीही करून राह्यलो होतो. कोणतं बरं, यावर घरी रोज सभा. शेवटी मायनं सभा उठवली, "महाराजाकडे चला!" मी सगळ्या बाटल्या पिशवीत घेतल्या. महाराजच सांगतील म्हटलं.

मुंग्यांच्या रांगेजवळ दोन पितळी ताटल्या. दोन्हीच्या काठाले भस्माचा पांढरा पट्टा. एकीत महाराजांचं डब्यातलं 'सिद्ध दूध', दुसरीत वैष्णवीनं आडोशाले जाऊन वाटीत काढून आणलेलं. पाच मिनिटांत सिद्ध दूध मुंग्यांनी काळं झालं. वैष्णवीच्या ताटलीकडे एक मुंगी फिरकली नाही.

"विषाले मुंगी शिवत नाही!" महाराज गरजले. "मुंगीले समजते, मायले समजत नाही! बाई, आजपासून पाजणं बंद. सिद्ध दुधाचे डबे घेऊन जा."

"मी म्हणतच होती," माय म्हणाली. "पोटुशी असताना किती चिंचा खाल्ल्या इनं!"

वैष्णवीच्या डोळ्यांत पाणी. "अवो, माझ्यात कायचं विष?" तिनं मले विचारलं. मी पिशवीतल्या बाटल्या पाहत राह्यलो. खरं सांगतो, मले लाज वाटली.

तेवढ्यात गर्दीतून मथुराबाई घुसल्या. उपकेंद्राच्या नर्सबाई, काखेत वजनकाट्याची झोळी. "मागच्या आठवड्यात या डब्यातल्या दुधावरची दोन लेकरं वाळून माझ्याकडे आली," त्या म्हणाल्या. "महाराज, ताटल्या बदलून पाहू?"

"ताटली सिद्ध आहे! हात लावू नका!"

"बरं, ताटलीले नाही लावत. गूळ तर ठेवू द्या."

बाजारातला गुळाचा खडा त्यांनी वैष्णवीच्या ताटलीत टाकला. मुंग्या आल्या. काठापाशी थांबल्या, मिशा हलवल्या अन् माघारी फिरल्या. मागून कोणीतरी ओरडलं, "महाराज, गुळालेही बाधा झाली का जी?"

शेड हसून फुटलं.

मथुराबाईंनी पदराच्या टोकानं त्या ताटलीचा पट्टा पुसला अन् तो पदर माझ्यापुढे धरला. "अमर, हे काय आहे?"

वास आला अन् माझी ट्यूब पेटली. "हा तर मुंग्यांचा खडू! घरी साखरेच्या डब्याभोवती मीच रेघ मारतो!"

सिद्ध दुधाच्या ताटलीचं भस्म? मी चिमटीत चोळून पाह्यलं, साधं तांदळाचं पीठ.

मथुराबाईंनी वाटीत उरलेलं दूध पळसाच्या पानावर ओतलं. बाजूच्या जिनिंगनं भाव वाढवल्यावर कापसाच्या बैलबंड्या वळायच्या ना, तशा मुंग्या पानाकडे वळल्या. महाराज म्हणाले, "कलियुग आहे, मुंग्याही फितल्या." मग लघवीले जातो म्हणून उठले. अजून आले नाहीत.

मग मथुराबाईंनी माझी पिशवी पोत्यावर रिकामी केली. "हे थेंब गॅसचे, यानं ओकणं थांबत नाही. हे पाणी कायले? या वयात आईच्या दुधावर पाणीही नको. अन् हे गुलाबी तुझं आहे, तूच पी. आम्ल कमी करायचं औषध असते, पण ते कोणाले लागते हे डॉक्टर ठरवते. आण इकडे तिले."

पोरगी झोळीत, झोळी काट्याले. गेल्या महिन्यापेक्षा पाऊण किलो जास्त.

"पोटाचं तोंड अजून ढिलं आहे, वर्षभरात घट्ट होईल. थोडं थोडं पाजा. पाजलं की अर्धा तास खांद्यावर उभी धरा. झोपवताना मात्र पाठीवरच. हिरवं ओकली, रक्त दिसलं, वजन थांबलं, तर सरळ दवाखाना. ओकते अन् वाढते, तिले औषध नाही, फडकं लागते."

"मंग मले इथं आणलं कायले बे?" माय माझ्यावरच डाफरली, अन् फडकं म्हणून आपलाच पदर पुढे केला. वैष्णवी पोत्यांच्या आड बसून पाजत होती.

नंतर मी पोरीले खांद्यावर धरलं. तिनं ढेकर दिला अन् माझ्या नव्या शर्टावर व्यवस्थित ओकली. पहिल्यांदाच मी घाबरलो नाही.

तुम्हाले एवढंच सांगतो. कोणी चमत्कार दाखवला, तर हात जोडायच्या आधी म्हणा, ताटल्या बदला. तो नाही म्हणाला, तर काठ पुसून पाहा.