पाठीला बसणारी

बोलणाऱ्याची अंबाडी विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा पडून राहतात, ही म्हण मी सोजरबाईला ऐकवली. एकदा नाही, दहादा ऐकवली. पुण्यात राहायचं तर तोंड हवं, असं माझं ठाम मत होतं. कसब्यातल्या तांबट आळीत तीस वर्षं काढलेल्या बाईची मतं ठामच असतात. दिवसभर हंड्या-घागरींवर ठोके पडत असताना मऊ मत ऐकायला कुणाला सवड आहे?

सोजरबाई लोणी काळभोरची. माझ्या सुनेचं माहेरही तिथलंच. तिच्या पहिल्या बाळंतपणाला मी लोणीला गेले होते, तिथे मी सोजरबाईला पहिल्यांदा पाहिलं. ती सुईण नव्हे. सुईण पुढे बसते, पोर झेलते, नाळ कापते. सोजरबाई मागे बसायची. कळा देणाऱ्या बाईला ती पाठीमागून धरायची, काखेतून हात घालून स्वतःच्या छातीशी टेकवून घ्यायची, आणि कळ आली की कानाशी "येऊ दे, येऊ दे" एवढंच म्हणायची. तिच्या गावात याला 'पाठीला बसणं' म्हणतात. माझी सून उजाडल्यापासून दुपार टळेपर्यंत कळा देत होती, आणि तेवढा वेळ ही बाई पाण्याला म्हणूनसुद्धा उठली नाही. नातू झाला. मग ती उठायला गेली तर दोन्ही पाय बधिर झालेले. भिंतीला धरून उभी राहिली आणि आपल्याच पायांना हसली.

मला पाच मुलं झाली. माझ्या पाठीला कधी कुणी बसलं नाही, मी भिंत रेटून बाळंत झाले. त्या दिवशी मला माझ्या सुनेचा हेवा वाटला. खरं ते सांगते.

सोजरबाईचा नवरा मोहिमेवर गेला तो परत आलाच नाही. घरात जावेची बोलणी रोजची. मीच म्हटलं, चल पुण्याला. एवढी दाट वस्ती, घरोघरी सुना, तुला काम कमी पडायचं नाही. आमच्या पडवीतली खोली तिला दिली आणि आम्ही दोघी वाट पाहत बसलो. कुणी बोलावलं नाही. पेठेतल्या म्हाताऱ्या सुईणीकडे मी शब्द टाकायला गेले, तर ती म्हणाली, "मला घरची माणसं बोलावतात. त्यांनी सांगितलं तर हिलाही नेईन. पाहुणीनं पाहुणी न्यायची नसते." बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं.

तेव्हा मी ती म्हण काढली. "अगं, तू अशी कोपऱ्यात बसलीस तर तुला देव तरी कसा ओळखणार? हौदावर जा, चार बायकांशी बोल. स्वतःहून विचार."

तिनं विचारलं.

नवरात्र तोंडावर आलं होतं. हौदावर सकाळची गर्दी होती. शनिवार पेठेतल्या राजमाचीकरांची सून वेणू घागर उचलत होती. तिचा नवरा सरकारी दफ्तरात कारकून, सासू कडक, ती स्वतः स्वभावानं गरीब. घागर काखेत घेताना तिचा हात पळभर कमरेवर गेला, आणि सोजरबाईनं दहाबारा बायकांसमोर, तोंडभर हसून विचारलं, "कितवा गं, बाय?"

लोणीत हे 'जेवलीस का'सारखं विचारतात. पण आमच्याकडे तिसऱ्या महिन्यात चोरचोळी होते. सासू दार लावून सुनेला चोळी देते, ओटी भरते, आणि ते होईपर्यंत बाहेरच्या कुणी अवाक्षर काढायचं नसतं. दिसतं सगळ्यांना. महिने सगळ्याच बोटांवर मोजतात. पण बोलायचं नाही, ही आमची शहराची रीत. वेणूचा चेहरा उतरला. ती घागर घेऊन तशीच निघून गेली, अर्धं पाणी वाटेत सांडत.

आठ दिवसांनी वेणूचा गर्भ गेला.

तिची सासू आमच्या दाराशी आली. आवाज चढवला नाही, पायरीसुद्धा चढली नाही. म्हणाली, "आपल्या पाहुणीला काही घरकाम द्या. रिकामी जीभ फार लांब जाते." आणि वळून गेली. येणाऱ्याजाणाऱ्याला उत्तर देणारी मी, पण त्या दिवशी तोंड उघडलं नाही. कारण ती जीभ माझी होती. सोजरबाईच्या तोंडात मीच घातली होती.

त्यानंतर ती दिसली की बायका पदर पुढे ओढून पोट झाकून घ्यायच्या. ज्यांच्या पोटात काहीच नव्हतं त्यासुद्धा! एक तर सहा नातवंडांची आजी, तिनंही पदर ओढला. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. सोजरबाईनं हौदावर जाणं सोडलं. तिचं पाणी मी भरू लागले.

"तुला खरंच वाटतं का, तुझ्या विचारण्यानं ते झालं?" मी एकदा तिला विचारलं.

"न्हाई वाटत," ती म्हणाली. "गावाकडं म्या शंभरजणींस्नी इचारलं आसंल. पर अक्का, त्या पोरीला तसं वाटत आसंल तर? त्याला म्या काय करू?"

मी घागर उचलली आणि तिच्या वाटचं पाणी आणायला गेले.

माघात तिचा भाऊ सर्जेराव बैलगाडी घेऊन आला. तो तिला न्यायलाच आला होता. गाडीत गेल्या सालच्या चिंचेचं पोतं होतं आणि वर एका टोपलीत झाडावरून नुकत्या काढलेल्या गाभुळलेल्या चिंचा होत्या, ना कच्च्या ना पिकल्या, आंबटगोड. मी म्हटलं, एवढी चिंच आणलीयस ती विकून तरी जाऊ दे. सोजरबाईनं पोत्यात हात घालून बघितलं. मग भावाला म्हणाली, "पोतं सपस्तवर ऱ्हाते. सपलं की निरोप धाडते, मग ने मला. आन दर बाजाराला हे गाभुळलेल्या चिच्चांचं टोपलं तेवढं धाडत जा."

ती हौदाजवळ बसली नाही. आळीच्या तोंडाशी, आमच्याच भिंतीच्या सावलीत बसली. पुढे दोन ढीग ठेवले. एक आमटीच्या काळ्या चिंचेचा, दुसरा गाभुळलेल्या चिंचेचा. पहिल्या दिवशी मी ओट्यावरून लक्ष ठेवून होते. एक सून आली, इकडेतिकडे बघत म्हणाली, "सासूबाईंना आमटीला हवीय," आणि हात गेला गाभुळलेल्या ढिगाकडे. सोजरबाईनं मान वर केली नाही. "आमटीला ही लई ग्वाड लागती बगा," एवढंच म्हणाली आणि पदरात चिंचेचे चार आकडे जास्त टाकले. सून जाताना हसत गेली.

ती गेल्यावर मी खाली आले. "अगं, हिला दिवस आहेत! विचारायचं नाहीस का?"

"चिच्च इकाय बसले म्या, अक्का," ती म्हणाली. "महिना इकत घ्याया न्हाई."

तिचा नियम कडक होता. बाईच्या तोंडाकडे बघायचं, हनुवटीच्या खाली नजर न्यायची नाही. कशाला हवीय ते विचारायचं नाही. थांबली तर थांबू द्यायचं. आणि बायका थांबू लागल्या, कारण सासरी चिंच खायला जागा कुठे असते? भिंतीशी उभ्या राहून, घागर खाली ठेवून, घाईघाईनं खायच्या. अशीच एक तेल्याची सून, चांगले दिवस भरत आलेली, उभ्या उभ्या खात होती आणि हात सारखा पाठीवर जात होता. सोजरबाई बसल्या जागी वळली, तिच्याकडे पाठ केली आणि म्हणाली, "टेका वाईच. भित्ताडापरास बरी हाय."

तेलीण आधी संकोचली. मग खाली बसली आणि पाठीला पाठ लावून टेकली. दोघींची तोंडं दोन दिशांना. कुणी कुणाकडे बघत नाही, कुणी काही विचारत नाही. चिंच संपेपर्यंत ती डोळे मिटून बसली होती. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, आणि तिसऱ्या दिवशी आणखी एकीला घेऊन आली.

पंधरा दिवसांनी, सकाळच्या जेवणवेळेला, त्या तेल्याच्या घरून माणूस धावत आला. सुईण कधीच येऊन बसली होती, पण सून ऐकत नव्हती. तिला चिंचवाली हवी होती. "ती पाठवाली मावशी आणा," असा तिनं घोशा लावला होता. सोजरबाई हात न धुता पळाली, मीच मागून ओरडून हात धुवायला लावले. मुलगी झाली. म्हाताऱ्या सुईणीनं जाताना मला दारातून सांगितलं, "बाई कामाची आहे. आता घरच्यांनीच बोलावलंय म्हटल्यावर माझी हरकत नाही." पुण्यात याला कौतुक म्हणतात.

फाल्गुनात आणखी दोन घरांतून बोलावणं आलं. मला वाटलं, मिटलं सगळं. पण ती रोज पोत्यात हात घालून किती उरलंय ते बघायची.

"आता कशाला जातेस?" मी चिडून म्हटलं. "काम मिळायला लागलं की!"

"मिळतंय," ती म्हणाली. "पर ती पोर हौदावरनं घरला जाती ती ह्याच वाटंनं. मला बगितलं की तिकडच्या अंगाला हून जाती. रोज. तिच्या वाटंत मी धोंड्यावानी बसायचं, ते मला जमंना, अक्का. तिला माजं त्वांड दिसू नये, एवढं तरी माज्या हातात हाय."

दुसऱ्याला बोलतं करण्याची हौस माझी आता फिटली होती.

होळी होऊन गेली. पोतं तळाला गेलं. सर्जेरावला निरोप गेला आणि बाजाराच्या दिवशी त्याची गाडी येऊन आळीबाहेर उभी राहिली. सोजरबाईनं लुगडी बांधली, खोली सारवली. उरलेली चिंच विकावी म्हणून शेवटची बसली. दुपार झाली होती. आळीतले ठोके जेवणासाठी थांबले होते, म्हणून मला ओट्यावर तांदूळ निवडता निवडता सगळं ऐकू आलं. नाहीतर आमच्या आळीत कानाशी बोललेलंही कळत नाही.

वेणू आली. तिकडच्या बाजूनं न जाता सरळ आली. घागर खाली ठेवली.

"आमटीला हवीय," ती म्हणाली, आणि काळ्या ढिगातली उचलली.

सोजरबाईनं चिंच तिच्या पदरात घातली, मान खाली. वेणू गेली नाही. तिनं दुसऱ्या ढिगातला एक आकडा उचलला, सोलला आणि तोंडात घातला. माझे तांदूळ सुपातच राहिले.

मग ती खाली बसली. सोजरबाई वळली, रोजच्या सवयीनं, आणि वेणू तिच्या पाठीला टेकली. चिंचोके थुंकल्याचा तेवढा आवाज येत होता.

"तुम्ही विचारत नाही?" वेणू म्हणाली.

"न्हाई, बाय," सोजरबाई म्हणाली. "आता कुणालाच न्हाई इचारत."

"तिसरा."

सोजरबाईनं गपकन तोंडावर पदर धरला. त्या पोरीला ते दिसत नव्हतं, पण पाठीला पाठ लागलेली, रडणं कळल्याशिवाय कसं राहील?

"सांगू नका, बाय! चोरचोळी..."

"उद्या आहे चोरचोळी. तोवर बाहेर कुणाला कळता कामा नये, असं सासूबाईंनी बजावलंय."

"मंग मला का सांगितलंसा?"

वेणूनं घागरीवर हात ठेवला, पण ती उठली नाही. आणखी थोडी मागे रेलली.

"मग माझ्या पाठीला कोण बसणार?"

मी सूप खाली ठेवलं आणि आळीबाहेर गेले. सर्जेराव बैलांना पाणी दाखवत होता. मी त्याला म्हटलं, बाबा, गाडी रिकामीच ने, आणि पुढच्या बाजाराला येताना चिंचेचं दुसरं पोतं घेऊन ये.