ग्रहणाचा एकच चष्मा

वाशिमजवळच्या मालेगावबाहेर भाजीचा मळा करणाऱ्या धनराजला आपल्या शहाणपणाची भारी हौस. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सूर्यग्रहण होतं. त्याची माय गिरजाबाई दरवेळेसारखी दार लावून, पाण्यात तुळशीचं पान टाकून जप करत बसली होती. उभ्या जन्मात तिनं ग्रहण पाहिलं नव्हतं. हा गेला आणि तिला हाताला धरून बाहेर घेऊन आला. "गिरानानं काई होत नाही माय. पाहून त घे."

ग्रहण पाहायचा खास चष्मा त्यानं वाशिमहून आणला होता, पण एकच. तो त्याच्या नाकावर. मायला दिला तिच्याच मोडलेल्या मनगटाचा जुना एक्स-रे. फिल्म काळी आहे, तेवढं पुरे, असं त्याला वाटलं. वाटलं कसलं, विचारच केला नाही. थोड्या वेळानं चष्मा तिला द्यायचा असं मनात होतं, पण शेजाऱ्यांपुढे ज्ञान पाजळण्याच्या नादात राहून गेलं. गिरजाबाई मात्र सूर्य तुरीमागे बुडेपर्यंत बघत राहिली. "अव माय, कोरच उरली न बाप्पा!" म्हणत पोरीसारखी हसली.

दुसऱ्या दिवशी तिच्या नजरेच्या मधोमध डाग बसला. मेथीच्या जुड्या बांधताना पिवळी पानं दिसेनात. धनराजचा चेहरा पाहायचा तर ती त्याच्या कानाकडे बघायची. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, डोळ्याचा पडदा भाजलाय, थोडं सुधारेल, सगळं नाही. एक्स-रेतून पाहणं म्हणजे उघड्या डोळ्यांनी पाहण्यातच जमा. घरी येऊन मायला तो एवढंच म्हणाला, "होईन बरं."

गिरजाबाईनं आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता. ग्रहण पाहिलं, देव कोपला. ती दर रविवारी सूर्यासाठी अळणी जेवू लागली. शेजारणींना सांगू लागली, "पोरगं लाख म्हनन काई होत नाही, पन पाह्यलं म्या, चूक मायीच." धनराज ऐकायचा आणि मान खाली घालायचा. देवधर्माची टिंगल करणारा हा गडी आता देवाच्याच आड लपून बसला होता. स्वतःची शरम वाटायची, पण तोंड उघडायचं नाही.

अशाच एका रविवारी त्याच्या बायकोनं, वैजयंतीनं, मायलेकाची ताटं वाढली. मायनं बिनमिठाच्या वरणात भाकर कुस्करली आणि हात जोडले. "सूर्यनारायणा, माफी दे रे बाप्पा."

धनराजनं हातातला घास परत ताटात ठेवला.

"माय, देवानं नाही केलं. म्या केलं. खरा चष्मा एकच होता, तो म्या घातला. तुले देल्ला त्या एक्स-रेनं तुये डोये भाजले."

गिरजाबाईचा हात ताटातच थांबला. तिनं त्याच्या कानाकडे नजर वळवली.

"तुले कवा समजलं?"

"डॉक्टरनं सांगतलं तवाच."

"मंग इतके रविवार मी माफी मांगून राह्यली, अन् तू बाजूले बसून जेवून राह्यला?"

गिरजाबाईनं ताट उचललं, भिंत चाचपत आत गेली आणि चुलीजवळ बसली.

"वैजयंती," ती म्हणाली, "मले मीठ वाढ वो."