आसरांची वेणी

शुक्रवारी सकाळी वडगावजवळच्या त्या वाडीत चूल पेटवायलासुद्धा कोणी घरी उरलं नव्हतं. सगळी विहिरीवर. बहात्तरचा दुष्काळ. गुरं खपाटीला गेलेली, आणि वीस हात खणलेल्या गावविहिरीच्या तळाशी दोन काळे दगड ठाण मांडून बसलेले. एक मोठा, दुसरा त्याच्या निम्मा. मोठ्याच्या बुडातनं झरा पाझरत होता. दगड निघाला की पाणी, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण त्याच्यावर सात आसरा बसल्यात, असं गाव म्हणे. आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या देवी. विहिरीत पाणीच नाही तर त्या राहतात कुठं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

काठावर यारी उभी होती. लोखंडी खांब, त्याला आडवा हात, हाताच्या टोकाला कप्पी आणि बुडाशी विंच. दोघांनी दोन बाजूंनी हँडल फिरवायचं, पोलादी दोर ड्रमवर गुंडाळत जातो आणि आकड्याला अडकवलेला माल वर येतो. महिन्यामागं याच विंचनं मोठा दगड उचलायला गेले आणि कृष्णातच्या हातातलं हँडल गरकन उलटं फिरलं. दगड कोसळला. खाली जोतीराम होता. कोल्हापूरच्या दवाखान्यात त्याचा पाय गुडघ्याखाली कापला. तेव्हापासून कृष्णातला अन्न गोड लागत नव्हतं, आणि त्याच्याकडं बघून त्याची बायको लीला झुरत चालली होती.

आज हँडलवर लीलाच होती. समोरच्या बाजूला म्हातारी तानाबाई. बुवांनी मुद्दाम बायका निवडल्या होत्या.

हे बुवा आठवड्यापूर्वी एसटीतनं उतरले आणि थेट सरपंच सयाजीरावांच्या सोप्यात स्थानापन्न झाले. बारा वर्षं राधानगरीच्या जंगलात 'भारसिद्धी' केली म्हणे. एवढी तपश्चर्या जंगलात केली आणि पोट मात्र पंगतीतलं! त्यांनी पहाटे पडदा लावून चेल्याबरोबर एकांतपूजा केली होती. आता पडदा सरला. आकड्यापाशी लाल कापडात बांधलेली भलीमोठी ओटी, आडव्या हाताच्या टोकाला भगवं निशाण, आणि निशाणापासून ओटीपर्यंत दोराच्या शेजारनं सोडलेली मनगटाएवढी जाड झेंडूची माळ.

"ही आसरांची वेणी!" बुवा गरजले. "शिवेल त्याचं भस्म! वजन म्हणजे काय बालकांनो? वजन म्हणजे अहंकार! आम्ही दगडाचा अहंकार काढून घेतला आहे. फिरवा माउलींनो. आणि आज फेरे मोजायचे नाहीत. मोजमाप माणसांचं, देवीचं नाही. नाम घ्या!"

विहिरीवर फेरे मोठ्यानं मोजायची रीत होती, म्हणजे तळातल्या माणसाला माल कुठवर आला ते कळे. साठ फेऱ्यांना माल काठाला लागे. त्या दिवशी मोजणं बंद पडलं आणि नामाचा गजर सुरू झाला. लीलाच्या ओठांवरही नाम होतं. पण सहा महिने त्या काठावर राबलेलं तिचं डोकं आपोआप मोजत राहिलं.

दोन दांडग्या गड्यांचा घाम काढणारा तो लहान दगड दोन बायकांच्या हातानं अलगद वर आला! गाव येडं झालं. तानाबाईनं तिथंच लोटांगण घातलं. लीलाच्या दंडाला खरंच फारसा जोर लागला नव्हता. तिचे हातही नकळत जोडले गेले. फक्त डोक्यातला आकडा काही जाईना. एकशेवीस.

"मंगळवारी मोठा दगड!" बुवांनी हात वर केला. मग सावकाश कृष्णातकडं बोट केलं. "आणि याच्या हातून देवीचा अवमान झाला आहे. मंगळवारी दगड चढताना यानं हळद लावून दगडाखाली उभं राहायचं. आसरांनी सोडला तर निर्दोष. नाही सोडला तर..."

लीला कृष्णातकडं धावली.

"व्हय, ऱ्हातो की उभा," कृष्णात म्हणाला.

घरी लीलानं आकांत केला. "अवं, पोरीकडं तरी बघा!"

"जोत्याचा पाय माज्या हातानं गेला, लीले. देवीला माजा जीव पायजे आसंल तर घिऊ दे." एवढं बोलून तो भिंतीकडं तोंड करून पडला.

तीन दिवस गाव त्याच्याकडं खाटकाच्या अंगणातल्या बोकडाकडं बघावं तसं बघत होतं. बायका घरी येऊन लीलाची ओटी भरून जात. एकीनं तर तिच्या कुंकवाकडं बघून डोळेच पुसले. लीलानं तिला दारातनंच वाटेला लावलं.

रविवारी फक्रुद्दीन मिस्त्री कोल्हापूरहून परतला. ही यारी त्यानंच उभी केली होती. उद्यमनगरातल्या कारखान्यांत खेटे घालून त्यानं तीन टनी विंच आणि तसलीच भक्कम यारी ठरवली होती. ट्रक बुधवारी यायचा होता. सरपंचानं हात झटकले. "आता गरज न्हाय मिस्त्री. दगड हलका झालाय."

लीला मिस्त्रीच्या दारात जाऊन बसली. "चाचा, एक सांगू? दगड हलका लागला, पर फेरं एकशेवीस झालं."

मिस्त्रीच्या हातातली बशी तशीच राहिली. "नक्की?"

"पोरीची शप्पत."

"आन ती वेणी? ढिली लोंबत हुती का ताणल्याली?"

लीलानं डोळे मिटून आठवलं. "ताणल्याली. काडीगत."

"फुलांची माळ कधी ताणून ऱ्हाते का गं?" मिस्त्रीचा चेहरा काळवंडला. "मंगळवारी त्याला खाली पाय ठेवू दिऊ नगंस. गाव अंगावर आलं तरी."

मंगळवारी कडक ऊन होतं, पण गजर असा घुमत होता की अंगावर काटा यावा. हळदीनं माखलेला कृष्णात शिडीवर पाय ठेवणार, तोच लीलानं त्याचा दंड धरला आणि ओरडली, "आधी मातीची रिकामी पाटी वर काढा! आन मोजून!"

"मोजलं की कोप!" बुवा कडाडले. "ही बाई नवऱ्याच्या जिवावर उठली आहे!"

"रिकाम्या पाटीला कसला कोप?" मिस्त्री पुढं झाला. "सरपंच, साठ फेऱ्यांचा तर खेळ हाय. कळू दे की गावाला."

सरपंचानं मान डोलावली. पाटी अडकवली. लीला मोठ्यानं मोजू लागली, आणि सवयीनं अख्खं गाव तिच्या मागनं मोजायला लागलं. साठ झाले. पाटी विहिरीच्या मध्यावर लटकत होती.

"दगड हलका झाला म्हनं," लीला म्हणाली, "मग पाटी अर्ध्यात कशी? दोर कुटं गेला?" आणि तिनं वेणीला हात घातला.

गर्दीतनं किंकाळी उठली. लीलाचं भस्म काही झालं नाही. झेंडू घसरला आणि आत पोलादी दोर चमकला. मिस्त्रीनं पाटी काठाला आणवून ओटी फाडली. आत ना नारळ, ना खण. आत कप्पी होती.

"बघा!" मिस्त्री ओरडला. "दोर खाली येऊन ह्या कप्पीतनं परत वर जातोय. निम्मं वजन विंचवर, निम्मं त्या निशाणाच्या गाठीवर. म्हणून हाताला हलकं, आन म्हणून फेरं दुप्पट. ही करामत बांधकामावर वजनं चढवणारा कुणीबी खलाशी करतोय!"

पण सरपंच पक्का. "मग झ्याक की! कप्पीनं का हुईना, उचलतोय न्हवं? चढवा!"

"हाताला हलकं झालं, सरपंच. यारीला न्हाय. दगड दोन टनाचा हाय. माप घेतलंय मी, काळा दगड घनफुटाला ऐंशी किलो भरतोय. ह्या यारीची ताकद एक टन." मिस्त्री बुवांकडं वळला. "म्हाराज, अहंकार काढलाय न्हवं दगडाचा? मग तुमी उभं ऱ्हावा खाली."

बुवांनी एकदा विहिरीत बघितलं. "आमचं... आमचं आज मौन आहे," म्हणाले.

कुणीतरी फिसकन हसलं. तरी सरपंच हटेना. अखेर पाटी काढून आकडा परत तळाला सोडला आणि एक गडी त्यात मोठा दगड अडकवून वर आला. मिस्त्रीनं सगळ्यांना वीस पावलं मागं रेटलं, तळ रिकामा असल्याची खात्री केली आणि चौघांना हँडलवर घेतलं. दगड हलला. वीतभर उठला. हातभर उठला आणि झोका खाऊन बाजूला सरकला. कुणीतरी "जय!" म्हणायला तोंड उघडलं, आणि वर निशाणापाशी काड्कन आवाज झाला.

दगड जिथं आदळला तिथं बुवांच्या चेल्यानं सकाळीच कृष्णातच्या उभं राहायच्या जागेवर हळदीचं रिंगण काढलं होतं. धूळ बसल्यावर पाहिलं तर रिंगण दिसत नव्हतं.

मिस्त्रीनं वर चढून निशाणाची गाठ खाली आणली. दोराचं टोक काथ्याच्या सोलानं बांधलेलं होतं! तीन पदरांतल्या दोघांची तुटकी टोकं धुळीनं काळी पडली होती, एकाचंच ताजं होतं. ते शुक्रवारीच तुटले असणार. मंगळवारचा भार एका पदरावर होता. बुवांना ते ठाऊक होतं का? नसेल तर ते मूर्ख, असेल तर खुनी. ते आणि चेला मळ्यातनं पळताना पोरांनी धरले आणि वडगावच्या फौजदाराच्या हवाली केले.

कृष्णात मात्र विहिरीकडं बघत तसाच बसून होता. मिस्त्रीनं विंचचं झाकण उघडून त्याला जवळ ओढलं. "ही खुटी बघ. ही दात्यात अडकती म्हणून हँडल उलटं फिरत न्हाय. दात कसं सोललंत बघ! एक टनाच्या खुटीवर दोन टन टाकलं, ती घसरली. तुजा हात सुटला न्हाय, गड्या. कुनाच्या बाचा हात टिकला नसता. विंचवरच्या पत्र्यावर एक टन लिवलंय, ते मला ठाव हुतं. मी बोललो, पर जोरात बोललो न्हाय. बोल लावायचा तर मला लाव."

कृष्णातनं खुटीवरनं बोट फिरवलं आणि ढसाढसा रडला. लीला गावाकडं वळली. "म्हैनाभर माजा नवरा सवताला आतनं कुरतडत हुता. तुमी त्याला हळद लावाय आला. ती खुटी बघाय एकबी आला न्हाय."

सरपंच खुटीपाशी आले आणि मिस्त्रीला म्हणाले, "उद्याचा ट्रक यिऊ द्या."

बुधवारी तीन टनी विंच आणि नवी यारी आली. मिस्त्रीनं दोर, आकडा, खुटी, खांबाचे ताणदोर सगळं तपासलं, मगच दगड वर घेतला. झरा मोकळा झाला.

वाचकहो, दगडाचं वजन किती, विंच किती पेलतो, दोर आणि गाठ किती पेलते, हे प्रश्न विचारल्यानं कुठलीच देवी कोपत नाही. कोपतो तो बुवा. तो कोपला की वाद नंतर घाला. आधी दगडाखालच्या माणसाला बाजूला ओढा.