दोन रकाने

संपादिकेने कवीचं प्रूफ उलटं केलं, झटकलं, पुन्हा सुलटं केलं. ओळी खोडलेल्याच होत्या.

कवी थोरला, कथाकार धाकटा, सख्खे भाऊ. आठ वर्षांत एका खोलीत बसले नव्हते. म्हणून दोघांना वेगवेगळ्या दिवशी तेच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं शेजारशेजारच्या रकान्यांत छापायची, अशी युक्ती तिने मासिकासाठी काढली होती. अध्यात्मावर कवी पाऊण तास बोलला. त्यातला अर्धा तास मौनाचं महत्त्व सांगण्यात गेला. कथाकार म्हणाला, देव भेटलाच तर दादाची तक्रार करणार आहे. कला कशासाठी, यावर दोघांनी एकमेकांचं नाव न घेता एकमेकांना झोडपलं. इथवर ती खूश होती.

मग आठवणींचा प्रश्न आला आणि दोघांनीही वडिलांचं जाणं सांगितलं. इस्पितळातली दुपार, खिडकीजवळची खाट, वडिलांचा हात आपल्या हातात. खोलीत दुसरं कुणीही नव्हतं, हे दोघांनीही ठासून सांगितलं.

मासिकाच्या शिरस्त्याप्रमाणे अख्ख्या पानाचं प्रूफ दोघांकडे गेलं, आणि तिचा आठवडा फोनवर गेला. कवी म्हणे, धाकट्याला रचून सांगायची खोडच आहे. धाकटा म्हणे, यमक जुळलं की दादाला सगळं खरं वाटतं. शेवटी तिने दोघांनाही दम भरला होता: एकाने तरी माघार घ्या.

कवीने घेतली होती. समासात लिहिलं होतं, 'धाकट्याचंच राहू द्या.' तिने हुश्श केलं आणि दुसरं पाकीट फोडलं. कथाकारानेही स्वतःचाच प्रसंग खोडला होता. आता वडील इस्पितळात दाखल होत होते आणि लगेच पुढचा प्रश्न सुरू होत होता.

भांडत होते तेच बरं होतं, असं पुटपुटत तिने कवीला फोन लावला. तुमचं तुम्ही ठेवा, म्हणाली.

"कसं ठेवू? एक वाजता वडिलांपाशी बसायची माझी पाळी होती. मला उशीर झाला, पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. धाकटा थांबला होता म्हणून बरं."

तिने कथाकाराला फोन लावला.

"मी एक वाजता तिथून निघालो, बाई. दादा येतच असेल म्हणून. तो होता ना पण शेवटी?"

संपादिकेने कपाळाला हात लावला.

"होते," ती म्हणाली.

खोडलेला मजकूर तसाच ठेवायचा असला, की प्रूफात त्याच्याखाली ठिपके देतात. तिने दोन्ही रकान्यांत, एकेका शब्दाखाली ठिपके दिले आणि पान छापखान्यात धाडलं.

तासाभरात तिथून फोन आला. जुळारी विचारत होता, एकाच खाटेपाशी दोघं एकेकटे कसे काय?

"पानात मावतात ना?" ती खेकसली. "मग छापा."