बाजारातला आवळा

सकाळी नऊच्या सुमारास नंदिगड्ड्याच्या वरच्या रानात तोडीचा साग भलत्याच बाजूला कोसळला आणि त्याखाली उमाजी गेला. साल १९५७, महिना मार्गशीर्ष. त्याच्या बायकोला, फुलाला, पाचवा महिना लागला होता.

उमाजीच्या भावकीत एक रीत होती. रानानं माणूस नेला, की त्या घरानं वर्षभर रानातलं काही तोंडात घालायचं नाही. आवळा नाही, कंद नाही, भाजी नाही, मध नाही. तेराव्यानंतर सासूनं, केशरनं, फुलापुढं पेज आणि मिठाचा खडा ठेवला. स्वतःही तेच घेतलं.

फुलाला धास्ती होती ती पोटातल्या जिवाची. शेजारच्या गुणाचा नवरा असाच रानात गेला, तेव्हा तिच्याही पोटात मूल होतं. तिनं वर्ष पाळलं. तिचा म्हादू चालायला लागला तोच वाकड्या पायांनी. फुलाची झोप उडाली, घास उतरेना.

त्या थंडीची आठवण निघाली की आजही फुलाच्या तोंडाला पाणी सुटतं. कुडापलीकडची आवळी फळांनी लवली होती. लहानपणी आवळा मिठात बुडवून खायचा आणि वर गार पाणी प्यायचं. घोटभर पाणी गुळासारखं लागायचं. त्या साली ती झाडाकडं पाठ करून बसायची.

पौषात तिची थोरली बहीण पारू रामनगरहून आली. नवऱ्याचं तिथं दुकान होतं. तिनं फडक्याची गाठ सोडली आणि आवळे जमिनीवर घरंगळले.

"पारू, अगं आमचं वर्ष चाललंय," केशर म्हणाली.

"ठावं हाय मावशी. पण ह्ये रानातलं न्हाईत. बाजारातनं आणल्यात."

"आन् बाजारात कुठनं आलं? दुकानात पिकत्यात व्हय?"

"ते बाजाराला इचारा. मी काय रानात पाऊल टाकलं न्हाई."

"लई शानी. वाण्याची बायकू शोभतीस!"

पारू हसली. फुला मान खाली घालून बसली होती. केशरनं सुनेच्या बसलेल्या गालांकडं पाहिलं, मग आवळ्यांकडं.

"म्हशीला पाणी दावून येते," म्हणत ती उठली.

पाणी दाखवायला तिला त्या दिवशी फार वेळ लागला. पुढं रोजच लागू लागला. पारू दर बाजाराला कुणाच्या तरी हाती फडकं धाडत राहिली. केशरनं मात्र वर्ष संपेतो एक फोड चाखली नाही.

चैत्रात मुलगी झाली. चंद्रा. ती वेळेवर उभी राहिली, सरळ चालली. सुप्याच्या डॉक्टरांना फुलानं एकदा विचारलंच, हे आवळ्यानं झालं का?

"आवळ्यात क जीवनसत्त्व असतं, हाडं घडायला ते लागतं," डॉक्टर म्हणाले. "दुःखानं आईचं अंग झिजतं, तेव्हा असलं खाणं पोटात जायलाच हवं. पण तेवढ्यानं सगळं भरून निघालं, असं मी सांगणार नाही. पोर वाढू दे."

पोर वाढली. १९६६च्या सुगीत चढ चढताना तिचा डावा गुडघा दुखू लागला. पाय किंचित आत वळलेला दिसला. बेळगावला हाडाचा फोटो काढला. तिथल्या डॉक्टरांनी तो उजेडात धरून पाहिला आणि दिवाळीनंतर पुन्हा आणायला सांगितलं.

केशर रोज संध्याकाळी नातीला अंगणातून चालायला लावते. "नीट हाय न्हवं, आत्याबाई?" फुला विचारते.

"उद्या बघू," केशर म्हणते.

दिवाळी अजून व्हायची आहे.